शिलाई मशीन आणि अनुच्छेद एकवीस

सरांनी आयुष्यात एकाही गरिबाकडून रुपया घेतला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी एकाही गरिबाला विसरू दिली नाही.

रायपूरच्या ज्या खासगी लॉ कॉलेजात मी शिकले, तिथे ते आठवड्यातून काही तास घटना शिकवायला यायचे. उरलेला वेळ ते कोर्टात वकिली करायचे, निदान कोर्टात असायचे तरी. जीव मात्र त्यांचा सगळा विधी सहाय्यता केंद्रात. पुरानी बस्तीत एका देवळामागे धर्मशाळा आहे. तिच्यातली एक खोली या केंद्रासाठी कॉलेजला मिळाली होती. रविवारी सकाळी तिथे गरिबांना फुकट कायदेशीर सल्ला मिळायचा. सल्ला सर द्यायचे. आम्ही विद्यार्थी सतरंज्या घालायचो, आलेल्या माणसाची हकीकत लिहून घ्यायचो आणि सर सांगतील ते निवाडे शोधून आणायचो. चौथ्या वर्षाला हे काम सक्तीचं होतं. ते केल्याशिवाय परीक्षेला बसू द्यायचे नाहीत. त्यामुळे समाजसेवेला आमच्या वर्गात भरघोस प्रतिसाद होता.

पहिल्याच रविवारी सरांनी आम्हांला रांगेत बसवून विचारलं, "काहून आले तुम्ही इथं?"

एकेक जण सांगायला लागला. कुणाला वंचितांसाठी काही करायचं होतं, कुणाला न्याय तळागाळापर्यंत न्यायचा होता. माझ्या शेजारी हर्ष बसला होता. तो माझ्यासारखाच मराठी घरातला. मराठी त्याला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. तो म्हणाला, "समाज को कुछ लौटाना है, सर."

"काय घेतलं होतं तू समाजाचं?" सरांनी विचारलं. 

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सक्तीचं आहे म्हणून आले."

सरांचा चेहरा उजळला. "ही पोट्टी खरं बोलते. हिले फाईल सांभाळू द्या." तेव्हापासून दोन वर्षं फायली माझ्याकडे राहिल्या. म्हणून ही सगळी हकीकत मला इतकी जवळून माहीत आहे.

सरांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून इकडे आलेलं. पूर्वज फौजेबरोबर आले होते असं सर सांगायचे. त्यांचे चुलतभाऊ सांगायचे की फौजेबरोबर आले हे खरं, पण हिशेब लिहायला. काही का असेना, घरात भांडण्याची परंपरा जुनी होती आणि सरांनी ती घटनेच्या चौकटीत नेली होती. माझे वडील रेल्वेत. वर्ध्याहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. त्यांना सरांची चांगली ओळख होती. मी केंद्रात जाते हे ऐकल्यावर ते म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे. पण उद्या माह्यावर काही खटला झाला तर त्याले सांगू नको."

का, ते मला लवकरच कळलं.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. समोरचा माणूस आपलं गाऱ्हाणं सांगायला लागला की सर डोळे मिटायचे. अर्धं गाऱ्हाणं झालं की डोळे उघडून म्हणायचे, "हे प्रकरण लहान नाही." समोरच्याचा चेहरा पडायचा. बिचारा आपलं प्रकरण लहानच आहे अशा भरवशावर घरातून निघालेला असायचा. रेशनकार्डावर नाव चुकलंय, घरमालक अनामत देत नाही, शेजारी रस्त्यात मोटारसायकल लावतो. एवढंच. पण सरांना लहान प्रकरण दिसायचंच नाही. त्यांना समोरच्या प्रत्येक माणसात एक मोठा निवाडा दडलेला दिसायचा. बिलासपूरच्या हायकोर्टात तो गाजणार, कायद्याच्या पुस्तकांत छापला जाणार, आणि छापताना वकिलांच्या नावांत त्यांचं नाव येणार. तीस-पस्तीस वर्षांच्या वकिलीत तो निवाडा त्यांना सापडला नव्हता. म्हणून ते दर रविवारी नव्याने शोधायला बसायचे.

माणूस बोलतच राहिला तर ते हाताने थांबवायचे. "थांब जरा. तू तुह्यं दुःख सांगून राहिला, मी मुद्दा शोधून राहिलो. दोन्ही एकदम कसं होईल?"

समता कॉलोनीतल्या एका निवृत्त मास्तरांचं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यांच्या शेजाऱ्याने नवा कूलर बसवला होता आणि त्याचं पाणी मास्तरांच्या भिंतीवर गळत होतं. मास्तरांना एवढंच विचारायचं होतं की शेजाऱ्याला कसं सांगावं, म्हणजे वाईट दिसणार नाही. दोघं रोज संध्याकाळी एकत्र चहा प्यायचे. सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हे प्रकरण लहान नाही." मग त्यांनी शेजाऱ्याला, महापालिकेला आणि वीज कंपनीला मिळून एक नोटीस पाठवली. ओलसर भिंतीशेजारी जगणं म्हणजे प्रतिष्ठेने जगणं नव्हे, असं तिच्यात घटनेच्या अनुच्छेद एकवीसच्या, म्हणजे जगण्याच्या अधिकाराच्या, आधाराने सविस्तर मांडलं होतं. शेजारी घाबरला. घाबरला म्हणून त्यानेही वकील केला. वकील केल्यावर तो घाबरायचा थांबला आणि मास्तरांचा जिना बेकायदा असल्याची तक्रार त्याने केली. चहा बंद झाला. पावसाळा लागला, कूलर माळ्यावर गेला, भिंत पावसाने सगळीकडून सारखीच ओली झाली. प्रकरण चालूच राहिलं. मास्तर एकदा मला बाजारात भेटले. म्हणाले, "बेटा, सर को बोलो ना, मैं बहुत ठीक हूँ."

सरांवर अन्याय नको, म्हणून हेही सांगते. एका खासगी वसतिगृहातल्या मुली एकदा केंद्रात आल्या. तिथे पाणी दिवसातून जेमतेम तासभर यायचं आणि त्यालाही वास असायचा. दुसऱ्या कुठल्याही वकिलाने मालकाला फोन केला असता. सरांनी थेट जगण्याच्या अधिकारावर नोटीस काढली, तीही अशा भाषेत की मालकाला वाटलं आता दिल्लीहून कुणीतरी येणार. चार दिवसांत टाकी धुऊन निघाली, नवी मोटर बसली. मुली पेढे घेऊन आल्या तेव्हा सर उदास बसले होते. "लढायच्या आधीच पळून गेला," ते म्हणाले. "असा प्रतिवादी काय कामाचा?"

पेढेही त्यांनी घेतले नाहीत. अशिलाकडून काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आरंगच्या बाजूचा एक शेतमजूर एकदा स्वतःच्या वेलीवरचा दुधी भोपळा घेऊन आला. इकडे त्याला तुमा म्हणतात. त्याने तो गमछ्यात बांधून, बसमधून मांडीवर ठेवून आणला होता. सरांनी तो त्याच्यापुढे सरकवला आणि वकिलाच्या नीतिमत्तेवर बोलायला लागले. ते बोलत होते तोवर तो माणूस मान खाली घालून भोपळ्याकडे बघत होता. शेवटी तो उठला, भोपळा परत गमछ्यात बांधला आणि गेला. पुढच्या तारखेला त्याचा फोन लागेना. सर म्हणाले, "गरिबांत चिकाटी कमी असते." मला वाटतं, आपलं काही घेण्याच्या लायकीचं नाही असं त्या माणसाला वाटलं असेल. हर्षला मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मुझे तो लगा वो दुधी मैं ही ले लूँ." त्याने घेतला असता तर बरं झालं असतं.

सकाळी सर तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला जायचे. फिरता फिरता हायकोर्टात करायचा युक्तिवाद मोठ्याने करायचे. पट्टीचे फिरणारे लोक त्यांना बघून वाट बदलायचे. नवखा कुणी सापडला तर सर त्याला न्यायमूर्ती समजून मुद्दे सांगायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "पटते का?" बहुतेकांना पटायचं, कारण त्यांना पुढे जायचं असायचं.

असं सगळं चाललं असताना उन्हाळ्याच्या तोंडाला दुलारी आली.

दुलारी तिशीची असेल. पुरानी बस्तीच्याच एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिच्या आईचं घर होतं. लग्न होऊन ती तेलीबांध्याच्या पलीकडे राहायला गेली. नवरा कामासाठी सुरतेला गेला आणि हळूहळू त्याचे फोन बंद झाले. मग सासूशी आणि मोठ्या दिराशी कुरबुर वाढली आणि एके दिवशी तिला दाराबाहेर काढलं. ती आईकडे आली, पण तिची शिलाई मशीन सासरीच राहिली. पायाची मशीन, लोखंडी स्टँडची, लग्नाआधी ब्लाउज शिवून शिवून तिने स्वतः घेतलेली. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गणवेशांचं काम येतं. त्या दोन महिन्यांवर तिचं पुढचं अर्धं वर्ष निघायचं.

हे तिने नीट, शांतपणे सांगितलं. सरांनी डोळे मिटले होते.

"मोला मसीन भर चाही, सर," ती शेवटी म्हणाली. "अउ कुछु नइ." मशीन तेवढी हवी, दुसरं काही नको.

सरांनी डोळे उघडले. त्यांच्या नजरेतच मला दिसलं की आता काय होणार. "हे प्रकरण लहान नाही," ते आम्हांला मराठीत म्हणाले आणि मग तिला हिंदीत समजावायला लागले. "देखो, ये मशीन सिर्फ मशीन नहीं है."

"मसीने हे सर," दुलारी म्हणाली. "पैर वाला."

हर्ष खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

सरांना जे दिसलं होतं ते तसं चुकीचं नव्हतं. कमावत्या बाईची अवजारं हिरावून घेणं म्हणजे तिचं जगणंच हिरावून घेणं, हा मुद्दा खरोखर मोलाचा आहे. आजही मी तो अधूनमधून वापरते. पण दुलारीला तो मुद्दा नको होता. तिने सांगितलं की जेठ, म्हणजे मोठा दीर, फोनवर म्हणालाय, एखाद्या दिवशी येऊन घेऊन जा. फक्त सासूपुढे एकटीने जायला तिला भीती वाटते. दोघीतिघी बरोबर आल्या तरी पुरे.

"असं घ्यायचं नाही," सर म्हणाले. "भीक आहे का? हक्कानं घ्यायचं."

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज गेला. त्यात राहण्याचा हक्क होता, पोटगी होती, नुकसानभरपाई होती, संरक्षणाचा आदेश होता आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मशीनही होती. नोटीस सासरी पोचली. जेठाने वकील गाठला. वकिलाने सांगितलं, आता घरातली सुई पण द्यायची नाही, दिली तर कबुली दिल्यासारखं होईल. मशीन मागच्या खोलीत गेली आणि खोलीला कुलूप लागलं.

दुलारी दर रविवारी यायची. आईच्या शेजारी एक मावशी राहायच्या. त्या दुपारी झोपल्या की त्यांच्या मशीनवर दुलारी थोडं शिवून घ्यायची. मावशी जाग्या झाल्या की उठायचं. गणवेशांची मोठी ऑर्डर द्यायला दुकानदार तयार होता, पण उसन्या मशीनवर ती हमी देऊ शकत नव्हती. ती सरांना विचारायची नाही. मला विचारायची, "दीदी, कब तक?" मी तारखा सांगायचे. तारखांचा तिला उपयोग नव्हता.

सर मात्र फुलून गेले होते. आम्हांला ते उशिरापर्यंत ग्रंथालयात बसवायचे. एकदा हर्षने विचारलं, "सर, मजिस्ट्रेट के सामने अनुच्छेद इक्कीस चलेगा क्या?"

"नाही चालत," सर खुशीत म्हणाले. "म्हणूनच इथं हरलं पाहिजे. इथं हरलो की वरते अपील. तिथं हरलो की बिलासपूर. इथंच जिंकलो तर मुद्दा मरते."

मी लिहून घेता घेता थांबले. "आणि दुलारी?"

"तिच्यासाठीच तर करून राहिलो मी हे सगळं," सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. लबाड वकिलाला माणूस ओळखतो, टाळतो, फार तर शिव्या देतो. सरांपुढे तेही करता येत नव्हतं. त्यांचे कपडे जुने, गाडी जुनी, घरात बायको निवृत्त शिक्षिका, तिच्या पेन्शनवर घर चालायचं. अशा माणसाला कोण काय बोलणार?

मेच्या शेवटी तारीख लागली. मजिस्ट्रेट एक तरुण बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि सरळ जेठाच्या वकिलाला विचारलं, "बाकी नंतर बघू. ती मशीन तेवढी देऊन टाकायला काय हरकत आहे?" हे सगळं हिंदीत. वकिलाने मागे वळून जेठाकडे पाहिलं. जेठाने खांदे उडवले. त्याला मशीनचं काहीच करायचं नव्हतं. वकील म्हणाला, "हमें कोई आपत्ति नहीं है, मैडम."

मागच्या बाकावर दुलारीने माझा हात धरला.

तेवढ्यात सर उभे राहिले. "मॅडम, माझी अशील तुकड्यांसाठी आलेली नाही," ते म्हणाले. मशीन आज अशी सुटी दिली तर मूळ प्रश्न बाजूला पडेल, तेव्हा सगळ्या मागण्यांचा निर्णय एकत्रच व्हावा, अशी त्यांची विनंती होती. ते बराच वेळ बोलले. बोलले फार छान. मजिस्ट्रेट बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जुलैची तारीख दिली.

"का बोलिस सर हर?" दुलारीने विचारलं. सर काय म्हणाले?

"ते देत होते," मी म्हटलं. "सर नको म्हणाले."

"मोर मसीन ला?"

"हव," मी म्हटलं. हो.

तिने हात सोडवून घेतला, पदर नीट केला आणि बाहेर निघून गेली. सर कॉरिडॉरमध्ये आम्हांला गाठून म्हणाले, "कसं झालं? पटलं असेल बाईंना."

पुढच्या रविवारी ती धर्मशाळेत आली तेव्हा नेहमीसारखी सतरंजीच्या कडेला बसली नाही. सरांच्या समोर येऊन बसली.

"सर, हमको ये केस आपसे नहीं लड़वाना है."

सरांनी चष्मा काढला. "ससुरालवालों ने धमकाया?" त्यांच्या आवाजात थोडी आशा होती. धमकी म्हणजे आणखी एक मुद्दा.

"नहीं सर. कोई नहीं धमकाया. दूसरा वकील करेंगे."

"दूसरा वकील पैसा लेगा."

"हव, लेगा."

"मैंने तुमसे एक रुपया लिया?"

"नहीं लिए सर," दुलारी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "लेते तो हम पूछ पाते ना, हमारा काम काहे नहीं हुआ. फोकट में कैसे पूछें?"

खोलीत आम्ही सातआठ जण होतो.  देवळात कुणीतरी घंटा वाजवली आणि पुढे गेलं.

सरांनी कागद ओढला. अशिलाने दुसरा वकील नेमावा, आपली हरकत नाही, असं त्यांनी आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं, एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली आणि कागद तिच्या हातात दिला. ती नमस्कार करून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत ते दाराकडे बघत होते.

"मले काढलं तिनं," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "कोणी शिकवलं का तिले हे? तुमच्यापैकी?"

"नहीं सर," हर्ष म्हणाला. "उसने खुद ही सोचा."

"तेच तर," सर म्हणाले. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं नाही. त्या दिवशी केंद्र लवकर बंद झालं आणि नंतरचे काही रविवार ते आलेच नाहीत. प्रकृती बरी नाही असा निरोप यायचा. एकदा मी फायली द्यायला घरी गेले. त्यांच्या बायकोने दार उघडलं. म्हणाल्या, "काही झालं नाही त्यांले. रुसून राहिले. कोणावर, ते सांगत नाहीत." आतून सर ओरडून म्हणाले की ताप आहे.

दुलारीने कोर्टातल्याच एका तरुण वकीलबाईला गाठलं. तिने थोडी फी घेतली आणि जवळची तारीख मागून घेतली. मशीन परत देण्याचा आदेश लगेच झाला. पोटगीचं काय ते नवऱ्याचा पत्ता लागल्यावर बघू, असं दुलारीने स्वतःच सांगितलं. मशीन आणायला तिने मला आणि हर्षला बोलावलं. पहिल्या दिवशी तिने एवढंच मागितलं होतं.

आम्ही मालवाहू ऑटो घेऊन तेलीबांध्यापलीकडे गेलो. जेठाने मशीनचं डोकं आणून दिलं. नुसतं डोकंच. स्टँड कुठाय, तर आत. आत जाऊन बघितलं तर स्टँडवर टीव्ही होता आणि टीव्हीसमोर सासू बसली होती. कुलपातून स्टँड केव्हाचा बाहेर आला होता.

"ले जा," सासू टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "फिर टीवी कहाँ रखेंगे?"

हर्षने कोर्टाचा आदेश बाहेर काढला. तो वाचून दाखवायच्या बेतात होता. दुलारीने त्याला हातानेच थांबवलं आणि जेठाला म्हणाली, "पीछे के कमरे में लकड़ी का पेटी है ना, ओला निकालव." ती बाहेर काढा. जेठ गेला आणि लाकडी पेटी ओढत घेऊन आला. दोघांनी टीव्ही उचलून पेटीवर ठेवला. सासूची मालिका मध्ये थोडीशी तुटली, पुन्हा लागली. स्टँड मोकळा झाला. कायद्याचं काम तिथे एवढंच होतं.

आम्ही स्टँड उचलत होतो तेव्हा खालचा खण उघडून त्यातून जांभळ्या कापडाची घडी पडली. अर्धं शिवलेलं ब्लाउज होतं. सासूने पहिल्यांदा दुलारीकडे पाहिलं.

"मोर हरे," ती म्हणाली. माझं आहे. मग थोडं थांबून, "अधूरा हे."

दुलारीने ब्लाउज उलटंसुलटं करून बघितलं, शिवणीला बोट लावलं आणि पिशवीत टाकलं. "सी के भेज दूँगी," ती म्हणाली. "सिलाई लगेगी."

"हव," सासू म्हणाली.

परत येताना दुलारी ऑटोत मागे, मशीनला धरून बसली होती. हर्ष मला म्हणाला, "यार, हमने इसमें किया क्या?"  निम्मं वजन मात्र आम्ही उचललं होतं.

सर पुढे केंद्रात परत आले ते नवे होऊन. आम्हांला वाटलं होतं खचलेले दिसतील. उलट त्यांच्या डोळ्यांत तोच जुना उजेड होता. त्यांना मुद्दा सापडला होता. फुकट सेवा घेणाऱ्या अशिलाला मत असतं का? वकील काढून टाकायचा हक्क त्याला पैसे देणाऱ्याइतकाच आहे का? नसेल तर समानतेचं काय? त्यांनी कॉलेजच्या अंकात लेख लिहिला. मग दुसऱ्या कॉलेजांतून भाषणाची बोलावणी आली. विद्यार्थ्यांच्या समाजसेवेबद्दल बोलायला आता त्यांच्याशिवाय कुणी नको असतं. बिलासपूरच्या निवाड्यात त्यांचं नाव अजून छापलं गेलेलं नाही, पण चर्चासत्रांच्या पत्रिकांवर ते नेहमी असतं.

मी आता रायपूरलाच वकिली करते. गेल्या हिवाळ्यात आमच्याच कॉलेजात त्यांचं व्याख्यान होतं, म्हणून गेले. सभागृह भरलेलं होतं. सर फार रंगात बोलले. दुलारीची गोष्ट त्यांनी सांगितली, पण नाव न घेता. गोष्टीत एक विद्वान, निःस्वार्थी आणि थोडा उतावळा वकील होता. एक साधी बाई होती, जिने त्याला एका प्रश्नाने जागं केलं. तिचा प्रश्न त्यांनी दोनदा म्हणून दाखवला आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. तो वकील कोण, हे त्यांनी सांगितलं नाही, पण सांगावं लागू नये अशा बेताने ते विनयाने खाली बघत होते. बाईच्या त्या प्रश्नातून वकिलीच्या नीतिशास्त्राला केवढी नवी दिशा मिळाली, ते त्यांनी पुढे अर्धा तास समजावलं.

मग प्रश्न विचारायची वेळ आली. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. पहिल्या वर्षाची असावी, माईक कसा धरायचा ते तिला कळत नव्हतं.

"सर, फिर उनको मशीन मिली क्या?"

सर उत्तर द्यायला तोंड उघडून थांबले. त्यांनी समोरची टिपणं वरखाली केली. त्यांना ते माहीतच नव्हतं. लेख लिहिला, एवढी भाषणं दिली, पण हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. इतक्या सभांतून त्यांनाही हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला दिसत नव्हता. मग त्यांची नजर सभागृहात फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली.

"मिळाली, सर," मी जागेवरूनच म्हटलं.

सरांनी मान हलवली, टिपणं सरळ केली आणि माईककडे वाकले.

"मिली," ते त्या मुलीला म्हणाले. "अगला प्रश्न."